मीठ कमी केलं, आता सगळंच फिकं लागतं... काय करू?

ह्या वेळी पत्रांमधे एकच रड जास्त आहे. कोणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, कोणी स्वतः मनावर घेऊन खाणं बदललं, पण जीभ काही ऐकत नाहीये. म्हणून केस गळणं, थायरॉइड वगैरे पुढच्या अंकात, आज फक्त जिभेचं बोलू.

प्रश्न : ताई नमस्कार. मी रामबागेत राहते, वय ५२. बीपी निघालं म्हणून घरात मीठ कमी केलंय, महिना होत आला. मिस्टर रोज ताटावर बसले की म्हणतात हे काय दवाखान्यातलं जेवण आहे का. खरं सांगू, मलाही वरण अळणीच लागतं. ही चव कधी परत येणार, का असंच रडतखडत खायचं? आणि आम्ही साधं मीठ बंद करून सैंधव आणलंय, ते तर चालतं ना?

उत्तर : काकू, महिना म्हणजे तुम्ही नेमक्या सगळ्यात वैतागाच्या टप्प्यात आहात, बरेच लोक इथेच सोडून देतात. जिभेला कमी मीठ रुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल सेंटर म्हणून चव आणि वासावरच काम करणारी संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी १९८२ साली काही तरुण मंडळींना पाच महिने कमी मिठाच्या जेवणावर ठेवलं आणि मधून मधून सूप आणि खारी बिस्किटं चाखायला दिली, तर आधी जेवढं मीठ त्यांना छान वाटायचं त्यापेक्षा कमी मीठ छान वाटायला लागलं. कोणी समजावलं नव्हतं, आवडच खाली सरकली. मग १९८६ मधे त्यांनीच उलटं करून बघितलं, काहींना जेवणावर जास्तीचं मीठ घालून खायला लावलं आणि काहींना मीठ गोळ्यांमधून दिलं. वरून घालून खाणाऱ्यांची मिठाची आवड वाढली, गोळ्यावाल्यांची नाही वाढली. म्हणजे पोटात किती मीठ गेलं त्यापेक्षा जिभेला रोज काय लागतं त्यावर आवड ठरते. हे लक्षात ठेवा, खाली पुन्हा पुन्हा कामाला येणार आहे.

आता मला सांगा, वरणातलं मीठ तुम्ही कमी केलंत, पण सकाळच्या पोह्यांवर सेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला) पडतंच ना? दुपारी ताटात लोणचं, पापड? संध्याकाळी चहासोबत सेव-परमल? इंदूरच्या घरात सेवेचा डबा रिकामा असणं म्हणजे पाहुण्यांसमोर नाक कापल्यासारखं, मला माहितीये. पण जीभ दिवसभरात तीन-चार वेळा त्या खारटपणाला हात लावून येते आणि मग बिचारं वरण रोज हरतं. जीरावनात तर साधं आणि काळं दोन्ही मीठ असतं, आणि पोह्यात आधीच असतंय. तर वरणाला आणखी छळू नका, ते आहे तसं राहू द्या, आणि सेव-पापड-लोणचं यातलं दिवसाला एकच काहीतरी असं ठरवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट छोटा एक चमचा, आणि त्यात हे सगळं वरचं पण आलं.

स्वयंपाकात काय करता येईल, तर आंबट वाढवा. लिंबू, आमसूल, कच्ची कैरी, टोमॅटो, आंबटपणामुळे मीठ आहे त्यापेक्षा जास्त लागतं. फोडणीत जिरं-लसूण नीट लाल होऊ द्या, वासाने निम्मं काम होतं. आणि भाजीत मीठ सुरुवातीला ढीगभर टाकून शिजवण्याऐवजी थोडं राखून शेवटी वरून भुरभुरा, जिभेला ते आधी भेटतं. एकदम निम्मं करण्यापेक्षा हळूहळू उतरवलेलं तर मिस्टरांना कळणारही नाही. ब्रिटनमधे २००१ ते २०११ च्या दरम्यान पाकिटातल्या ब्रेडचं मीठ असंच गुपचूप सुमारे २० टक्क्यांनी खाली आणलं, लोक तोच ब्रेड खात राहिले.

सैंधवाचं मात्र वाईट वाटेल पण सांगते, ते पण मीठच आहे हो. गुलाबी असो, काळं असो, मुख्य माल सोडियम क्लोराइडच. उपासाला चालतं म्हणून बीपीला चालतं असं नाही. आणि कोणी तुम्हाला बाजारातलं लो सोडियम मीठ सुचवलं तर त्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम अंगात साठू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. हे मी गमतीत सांगत नाहीये.

प्रश्न : हाय ताई, मी विजय नगरला आयटीत आहे, वय २९. शुगर बॉर्डरवर आली म्हणून चहातली साखर बंद करून शुगर फ्री गोळी टाकतो, कोल्ड्रिंक पण झीरो वालं. पण गोड खायची तलफ काही कमी होत नाही, उलट छप्पनला (छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली) गेलो की आधी नजर मिठाईवर. मित्र म्हणतात १० दिवस साखर पूर्ण सोड, टेस्ट बड नवीन येतात, सगळं आपोआप सेट होतं. खरं आहे का?

उत्तर : तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण १० दिवस ते दोन आठवड्यांत बदलत राहतात हे खरं, पण त्या तुझ्या-माझ्या सगळ्यांच्याच बदलतात, साखर खाणाऱ्यांच्या पण. तसं असतं तर दर पंधरवड्याला आपल्या सगळ्यांना नवीन आवडी फुटल्या असत्या. किती गोड म्हणजे बरोबर हे डोकं ठरवतं, आणि डोक्याला वेळ लागतो.

त्याच मोनेल सेंटरचा २०१६ चा एक अभ्यास आहे, तो मला फार आवडतो कारण तो खोटी आशा देत नाही. काही लोकांच्या जेवणातली साखर तीन महिने बरीच कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांना तेच पुडिंग जास्त गोड लागायला लागलं, म्हणजे जीभ तल्लख झाली म्हण. पण किती गोड आवडतं हे विचारलं तर त्यात विशेष फरक नाही! आणि नंतर मनाप्रमाणे खा म्हटल्यावर त्यांनी साखर पटकन वाढवली आणि तो फरक पण गेला. तर मिठाप्रमाणे गोडाची आवड सहज खाली सरकत नाही, पण कमी साखरेत तेवढंच गोड लागायला लागतं, आणि तुला तेच तर हवंय. फक्त ते टिकवावं लागतं, दिवाळीनंतर परत सुरुवात करायची तयारी ठेव.

आता गोळीचं. साखर गेली पण गोडवा तिथेच राहिला ना भिया! चहा पूर्वीएवढाच गोड, कोल्ड्रिंक पूर्वीएवढंच गोड, मग जिभेने बदलायचं कशाला? रेल्वे लाइनीशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येत नाही तसं झालंय तुझं, आणि तू फक्त गाडीचा रंग बदललास. वजन कमी करायला म्हणून हे गोड पदार्थ वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मधे सांगितलंच आहे. ज्यांना डायबिटीस आहेच त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हता, पण तू अजून बॉर्डरवर आहेस, तर गोळीचा नाद सोड आणि चहा खरोखर कमी गोड कर. दर दोन आठवड्यांनी पाव चमचा साखर कमी, बस. आलं-वेलची वाढव, वेलचीच्या वासाने चहा आहे त्यापेक्षा गोड वाटतो कारण आपल्या डोक्यात वेलची म्हणजे खीर, श्रीखंड, सगळं गोडधोड. गूळ आणि मध हे पळवाटा आहेत, त्यांना साखरेतच मोज.

रविवारच्या पोहे-जलेबीला मी नाही म्हणणार नाही, इंदुरात राहून ते म्हणायची माझी हिंमत पण नाही. एक जलेबी घे, बसून खा, पोह्यांसोबतच खा. तलफ वाढते ती रोजच्या बारीक बारीक गोडाने, ऑफिसातल्या बिस्किटाने, मशीनच्या चहाने, त्याच्याकडे लक्ष दे.

प्रश्न : तळलेलं सोडून एअर फ्रायरवर आलो. पण कचोरी ती कचोरीच. तेलाची आवड जाते का कधी? (सुदामा नगर)

उत्तर : जाते, बऱ्यापैकी. १९९३ च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांनी १२ आठवडे कमी तेला-तुपाचं खाल्लं. ज्यांनी स्निग्ध चवीचे पदार्थच कमी केले त्यांची आवड उतरली, आणि ज्यांनी तेलकटपणाची नक्कल करणारे पर्याय खाल्ले त्यांची उतरली नाही. परत तेच, जिभेला काय लागतं. म्हणून नकली कचोरी रोज खाण्यापेक्षा भाकरी, मुगाची उसळ, भुट्ट्याचा कीस कमी तुपात असं वेगळंच काहीतरी खा, आणि कचोरी खायची तेव्हा खरी खा, क्वचित. हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा कंद तळताना बघून निर्धार टिकवणं अवघडच आहे, तिकडे जाताना घरून जेवून जा एवढंच सांगेन.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, भाजी बघितली की तोंड बंद. आता घरात सगळेच हेल्दी खायचा प्रयत्न करतोय तर तो उपाशीच उठतो. आम्ही सांगतो भाजी संपव मग आइसक्रीम, तेव्हा दोन घास खातो. हे बरोबर आहे ना?

उत्तर : अगं, दोन घास जातात पण सौदा महागात पडतो. भाजी संपव मग आइसक्रीम म्हटलं की त्याच्या डोक्यात पक्कं होतं की भाजी ही शिक्षा आणि आइसक्रीम हे बक्षीस. मुलांच्या खाण्यावरच्या अभ्यासात हे दिसलंय, बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ पुढे कमी आवडतो. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि कडू नको वाटतं, हे त्यांचे लाड झाल्यामुळे नाही, निसर्गाने तसं केलंय, आणि बरंचसं किशोरवयात आपोआप कमी होतं. तोपर्यंत एकच काम, तीच भाजी छोटा घास म्हणून पुन्हा पुन्हा ताटात येऊ दे, आठ-दहा वेळा, कधी पंधरा. आपण तीन वेळात हार मानतो आणि "ह्याला गिलकी आवडत नाही" असा शिक्का मारून टाकतो, मग आजी येते आणि तो शिक्का आणखी पक्का करते. चाखून बाजूला ठेवली तरी ओरडू नका. तुम्ही स्वतः समोर बसून चवीने खा, ते तो बघत असतो. आणि मेथी-कारल्याने सुरुवात करू नका बाई, लाल भोपळा, गाजर, मटार, गोडसर काहीतरी घ्या.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. घरात आम्ही मीठ-तेल कमी केल्यापासून त्या म्हणतात कशालाच चव नाही, वरून मीठ घेतात, जेवण पण कमी झालंय. मिस्टर म्हणतात नाटक आहे, सवय होईल. (टिळक नगर)

उत्तर : नाटक नाहीये. वर मी सगळ्यांना दोन-तीन महिने थांबा म्हणतेय ना, ते त्यांना लावू नका. साठीनंतर वास घ्यायची ताकद कमी व्हायला लागते, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंच काही घशामागून नाकात जाणारा वासच असतो, सर्दीत आठवून बघा. त्यात कवळी, कोरडं तोंड, आणि औषधं. काही बीपीच्या गोळ्यांनी चव बिघडते, डायबिटीसच्या मेटफॉर्मिनने काहींना तोंडात धातूसारखी चव येते. झिंक कमी असेल तरी होतं. तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा आणि चव नेमकी कधीपासून गेली ते सांगा, एखादी गोळी सुरू झाली त्याच सुमारास गेली असेल तर ते आवर्जून सांगा. पण मनाने गोळी बंद करू नका.

तोपर्यंत त्यांना वेगळं वाढा. हिरवी चटणी, लिंबाची फोड, गरम गरम वरण, वरून ताजी लसणाची फोडणी, कुरकुरीत काहीतरी भाजलेलं. गार जेवण देऊ नका, गार झालं की वास कमी होतो. मीठ थोडं जास्त गेलं तर ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल, पण ह्या वयात जेवण आणि वजन कमी होणं ही मला मिठापेक्षा जास्त काळजीची गोष्ट वाटते. दर महिन्याला वजन करा, आणि दोन महिने सलग उतरलं तर पुढच्या अंकाची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.