गॅस बंद केला होता का?

"मला आईसारखे तर होत नाही ना?" हा प्रश्न चाळिशी ओलांडलेली माणसे समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारतात, आणि ज्यांनी घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण जवळून पाहिला आहे त्यांच्या आवाजात तो विचारताना कंप असतो. कारणे साधारण सारखीच असतात. चष्मा सापडत नाही, स्वयंपाकघरात कशाला आलो ते आठवत नाही, भाजीत मीठ घातले की नाही याचा पत्ता नसतो, आणि जिना उतरून खाली आल्यावर दाराला कुलूप लावले का, या शंकेने पुन्हा वर जावे लागते. अशा वेळी "वय झाले की व्हायचेच" असे म्हणून विषय संपवणे सोपे असते. पण त्या उत्तराने कोणाची काळजी मिटलेली मी पाहिलेली नाही. म्हणून एका शिक्षिकेची हकीकत जरा विस्ताराने सांगते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात. आपणही बाईच म्हणू या.

बाई कल्याणला राहतात आणि दादरच्या बाजूला एका शाळेत शिकवतात. वय अठ्ठेचाळीस. पहाटे सव्वाचारला उठायचे, दोन डबे करायचे, दूध तापवायचे आणि पावणेसहाला घर सोडायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्यांच्या आईला काही वर्षांपूर्वी अल्झायमर्सचे निदान झाले होते आणि ती साताऱ्याला भावाकडे होती. एकदा दूध उतू गेले, पातेले उतरवून ठेवले, ओटा पुसला, आणि खालची ज्योत बारीक तशीच चालू राहिली. ती यजमानांच्या नजरेस पडली. ते सहज म्हणून गेले, "आईवर चाललीस की काय?" बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, पण असे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात घर करून राहते. त्या दिवसापासून बाई गॅस तपासू लागल्या.

आधी एकदा, मग दोनदा. मग दाराला कुलूप लावून झाल्यावर ते उघडून. काही वेळा स्टेशनच्या पुलावरून त्या परत फिरल्या आणि गाडी चुकली. शेवटी त्यांनी एक उपाय शोधला, जो आजकाल मला पुष्कळांकडे दिसतो: शेगडीच्या बटणांचा आणि सिलेंडरच्या रेग्युलेटरचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि गाडीत बसल्यावर तो पाहायचा. त्यांनी मला तो संग्रह दाखवला. बोट सरकवावे तसे एकामागून एक, हुबेहूब सारखे, आडवी बटणे आणि त्यामागे पिवळ्या फरशीचा तुकडा. पण फोटो पाहूनही मन शांत होत नव्हते. आधी फोटो आजचाच आहे ना म्हणून तारीख पाहायची, आणि तारीख पटली की पुढची शंका उभी राहायची: फोटो काढल्यानंतर ओढणी किंवा पर्स बटणाला लागली असेल तर?

पहिल्या भेटीत मी त्यांना धीर दिला नाही. आधी डॉक्टरांकडे पाठवले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. विसरभोळेपणाची तक्रार समुपदेशकाने नुसत्या बोलण्यावर निकालात काढू नये, कारण थायरॉइड मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, रजोनिवृत्तीच्या सुमारास बिघडणारी झोप, सर्दी-ॲलर्जीवरची किंवा झोपेची काही औषधे, यांपैकी कशानेही लक्ष आणि स्मरण ढिले पडू शकते, आणि यांतील बहुतेकांवर उपाय आहे. शाकाहारी माणसांनी तर ब-१२ एकदा पाहून घ्यावेच. बाईंचे ब-१२ कमी निघाले आणि त्याचे उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणीही घेतली. तीत काही वावगे आढळले नाही. बाईंना मात्र त्या निकालाचा दिलासा जेमतेम दोन दिवस पुरला.

मग मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. दिवसभरात जे जे विसरले किंवा चुकले ते लिहायचे, आणि शेजारी तीन गोष्टी: किती वाजले होते, हातात कोणते काम होते, मनात काय चालले होते. ही कल्पना माझी नव्हे. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सामान्य माणसांकडून अशा रोजच्या चुकांच्या नोंदी करून घेतल्या होत्या, आणि त्यांतून जे दिसले ते आजही तितकेच उपयोगी आहे: या चुका नवख्या कामात कमी आणि अगदी सरावाच्या कामात, सरावाच्या जागी, मन दुसरीकडे गुंतलेले असताना जास्त होतात.

बाईंच्या वहीत नेमके तेच उमटले. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, कारण दह्याचे भांडे ठेवताना तो हातात होता आणि मनात प्रश्नपत्रिकेचा विचार होता. आमटीत मीठ दोनदा पडले, तेव्हा मुलीचा फोन आला होता. रविवारी बहिणीकडे जायला निघाल्या आणि पाय आपोआप स्टेशनकडे वळले. जवळजवळ सगळ्या नोंदी पहाटेच्या त्या दीड तासातल्या किंवा शाळेतून परतल्यानंतरच्या होत्या. वर्गातली मात्र एकही नव्हती. मी विचारले, "कोणाची वही तपासायची राहिली, कोणाच्या पालकांना बोलवायचे आहे, हे तुम्ही विसरता का?" त्या थोड्या चकित होऊन म्हणाल्या, "नाही. ते सगळे डोक्यात असते." साठ मुलांची नावे, कोण कोणाशेजारी बसले की बोलत राहते, कोणाच्या घरी सध्या काय चालले आहे, हे सगळे ज्यांच्या ध्यानात राहते त्यांची स्मरणशक्ती संपत आली आहे असे मानायला मी तयार नव्हते, आणि हळूहळू त्याही राहिल्या नाहीत.

एखादे काम आपण शेकडो वेळा केले की ते मेंदूच्या आतल्या भागातील बेसल गँग्लिया या रचनांच्या आधाराने, फारसे लक्ष न देता पार पडू लागते. ही मेंदूची सोय आहे. तिच्यावाचून पोळ्या लाटता लाटता मुलाचा अभ्यास घेणे कोणाला जमले नसते. पण लक्ष दिलेच नाही तर आठवण नीट नोंदलीच जात नाही. म्हणून 'मी गॅस बंद केल्याचे विसरले' हे म्हणणे बहुतेक वेळा चुकीचे असते. विसरायला मुळात नोंद तर हवी! आणि जी नोंद असते ती कालची, परवाची, गेल्या वर्षाची, सगळ्यांची एकमेकींत मिसळलेली असते, त्यामुळे आजची वेगळी काढता येत नाही. विल्यम जेम्स यांनी 1890 साली सवयीवर लिहिताना अशा माणसांचा उल्लेख केला आहे, जी रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलायला झोपायच्या खोलीत जातात आणि एकेक कपडा उतरवत शेवटी अंथरुणात शिरतात. बाईंचे पाय स्टेशनकडे वळले ते याच जातीचे.

ज्योत चालू राहण्याचेही असेच कारण आहे. दूध तापवायचे होते, ते तापले. हेतू पुरा झाला की मन पुढच्या कामाकडे धावते आणि मागे उरलेली शेवटची पायरी गळते. माणसाचा हा स्वभाव ओळखूनच अनेक एटीएम यंत्रे आधी कार्ड काढून घ्यायला लावतात आणि मग पैसे देतात. स्वयंपाकघरात येऊन 'कशाला आले होते?' असे होण्यावरही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांच्या 2011 मधील प्रयोगांत दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेल्याने हातातल्या वस्तूची आठवण मंदावत असल्याचे दिसले, आणि ते प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवर केलेले होते.

इथपर्यंतचे बाईंना पटले. पण त्यांचा खरा जाच विसरण्याचा नव्हता, तपासण्याचा होता, आणि त्याविषयी मी जे सांगितले ते त्यांना प्रथम उलटे वाटले. नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी होती. काही जणांना ती पुन्हा पुन्हा तपासायला लावले. इतरांना तेवढाच वेळ दिवे तपासायला लावले. शेवटी दोन्ही गटांनी गॅस एकदा तपासला. कोणती बटणे तपासली हे दोन्ही गटांना सारखेच बरोबर सांगता आले. परंतु ज्यांनी गॅस वारंवार तपासला होता त्यांची शेवटच्या तपासणीची आठवण फिकट होती, आणि त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घसरला होता. ही माणसे आजारी नव्हती. म्हणजे कोणालाही वीस वेळा तपासायला लावले तरी तो खात्री गमावतो. बाई ज्याला औषध समजून घेत होत्या त्यानेच दुखणे वाढत होते. दर फेरीगणिक आजची आठवण आणखी धूसर, आणि म्हणून आणखी एक फेरी.

यावर आम्ही जे ठरवले ते थोडके होते. गॅस एकदाच तपासायचा, पण डोळे, बोट आणि आवाज तिन्ही वापरून. लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल हात करून मोठ्याने उच्चारतात, कारण रोजच्या मार्गावर डोळ्यांना दिसूनही मनाला न दिसणे शक्य असते. बाईंनी प्रत्येक बटणाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे बंद, हे बंद, रेग्युलेटर बंद," आणि त्याला त्या दिवसाची एक खूण जोडायची: "आज मंगळवार, डब्याला गवार." या खुणेमुळे आजची तपासणी कालच्यापासून वेगळी होते. मग दार ओढायचे आणि मागे फिरायचे नाही. फोटो बंद. यजमानांना फोन करून विचारणे बंद, आणि यजमानांनीही "अगं, बंद आहे" असे सांगायचे नाही, कारण दुसऱ्याने दिलेली खात्री हीसुद्धा एक फेरीच असते. यजमान एका भेटीला आले होते. आपल्या त्या सहज बोललेल्या वाक्याने काय झाले हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

पहिले दिवस कठीण गेले. पुलावर छातीत धडधड व्हायची आणि परत फिरण्याची ओढ ठाण्यापर्यंत सुटत नसे. त्यांना आधीच सांगून ठेवले होते की धडधड वाढेल आणि काही न करताही ओसरेल, आणि ती ओसरते हे अनुभवणे हाच उपचार आहे. एकदा त्या अर्ध्या वाटेवरून परत गेल्याच. गॅस अर्थातच बंद होता. त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नव्हते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करायचे, एवढेच. काही आठवड्यांनी ती ओढ डोंबिवलीच्या आतच सुटू लागली. चष्म्यासाठी फ्रिजवर एक वाटी ठेवली. फोन पहाटेच्या वेळी बाहेरच्या खोलीत राहू लागला. आणि झोप, जी पाच तासांवर आली होती, तिच्यासाठी दोनांपैकी एका डब्याची भाजी यजमानांनी रात्रीच चिरून ठेवायला सुरुवात केली. मला विचाराल तर या शेवटच्या बदलाचा वाटा लहान नव्हता. पुष्कळ घरांत बाईच्या विसरण्याची चर्चा होते, तिने एकाच वेळी किती गोष्टी लक्षात ठेवायच्या याची होत नाही.

तपासण्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, त्यापायी नोकरी किंवा घर अडू लागले, तर तो मंत्रचळेपणाचा विकार (ओसीडी) असू शकतो आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. बाई त्या उंबरठ्याच्या अलीकडे होत्या. जवळ कोणी नसेल तर 14416 या शासनाच्या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आता मूळ प्रश्न. भारतात साठी ओलांडलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के असल्याचा अंदाज आहे; भीती अनाठायी नाही, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिचे वजन वेगळे. मी बाईंना आईची सुरुवात आठवायला सांगितली. आई किल्ली विसरत नव्हती. ती एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारी आणि आधी विचारल्याचे तिच्या गावीही नसे. जन्मभर केलेल्या पुरणपोळीत पुरण शिजवल्यावर पुढे काय, हे तिला सुचेना. रोजच्या देवळातून परतताना ती वाट चुकली. आणि काळजी तिला नव्हती, घरच्यांना होती. अशी लक्षणे दिसली, पैशांचे व्यवहार किंवा नेहमीचे शब्द अडू लागले, स्वभाव पालटला, तर वयाकडे न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. पालकांना हा आजार असल्यास धोका काहीसा वाढतो, परंतु तो होणारच असे नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, कमी झालेले ऐकू येणे, धूम्रपान, व्यायामाचा अभाव अशा चौदा बदलता येण्याजोग्या बाबींकडे लक्ष दिल्यास जवळजवळ 45 टक्के रुग्णांत हा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. बाईंचा रक्तदाब थोडा वर होता. फोटो काढण्यात जाणारी त्यांची मिनिटे आता संध्याकाळच्या चालण्यात जातात.

शेवटच्या भेटीत गॅसचा विषय निघाला नाही. बाई आईबद्दल बोलत होत्या. तिच्यात स्वतःचे उद्याचे रूप दिसते या भीतीने त्या साताऱ्याला जायचे टाळत होत्या, हे त्यांनी तेव्हा प्रथम सांगितले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे राहायला जायचे त्यांनी ठरवले होते आणि त्यांना एकच विचारायचे होते, की तोच तोच प्रश्न पुन्हा आला तर काय करावे. "आत्ताच सांगितले ना" असे म्हणू नये. तिच्यासाठी तो पहिलाच प्रश्न असतो, म्हणून उत्तरही पहिल्यांदा दिल्यासारखे, छोटे आणि शांतपणे द्यावे, आणि मग तिच्या हातात लसूण सोलण्यासारखे एखादे ओळखीचे काम द्यावे, असे मी सांगितले. त्यांनी ते त्याच वहीत, चुकांच्या नोंदी संपल्या होत्या त्या पानाखाली लिहून घेतले.