मिडल स्कूलला शिकवायला लागल्यावर पहिलं वर्ष खरंच इतकं अवघड जातं का?

तुमचं बी.एड. झालंय, इंदूरच्या एका खासगी सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवायची नोकरी समोर आहे, आणि घरचे म्हणतायत की ते सोड, वर्ग-2 ची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी माध्यमिक शिक्षक भरतीची, तयारी कर. अशात पहिलं वर्ष कसं जातं, हा तुमचा प्रश्न. मी याच शहरात, याच वर्गांना, हाच विषय शिकवते. अवघड जातं, हो. पण लोक ज्यावरून घाबरवतात त्यामुळे नाही.

लोक घाबरवतात गोंगाटावरून. त्याला औषध आहे. वर्गात शिरल्यावर काही बोलायचंच नाही. फळ्यावर एक गणित लिहायचं आणि मग हजेरी घ्यायची. हात वहीत गेले की तोंडं आपोआप मंदावतात. रोज हेच केलं तर काही दिवसांत मुलं न सांगता वही काढतात. ओरडून वर्ग सांभाळणाऱ्यांचा घसा जुलैतच बसतो.

खरा दम काढतात ते तीन वर्गांचे तीन स्वभाव. सहावीत शिरलात की “मॅम, इसने मेरा स्केल लिया”, “मॅम, ये मुझे चिढ़ा रहा है” अशा तक्रारींचा पाऊस. 40 मिनिटांनी आठवीत गेलात की तिथे प्रश्न विचारला तर कुणी मानच वर करत नाही, कारण उत्तर चुकलं तर मागचा बाक हसेल. सातवी या दोघांच्या मध्ये. सोमवारी सहावीसारखी वागते, गुरुवारी आठवीसारखी. तुम्हाला मात्र तिन्हीकडे कालच्यासारखंच असावं लागतं. या वयाच्या मुलांना मॅडम कडक आहेत की गोड याने फारसा फरक पडत नाही. काल ज्या गोष्टीवर हसलात तिच्यावर आज चिडलात, तर ते त्यांना खपत नाही. स्टाफरूममध्ये काय झालं, सकाळी घरी काय झालं, ते वर्गाच्या दाराबाहेर ठेवायचं. अरेंजमेंट लागून, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जावं लागून, तुमचा एकुलता एक मोकळा पिरियड गेलेला असतो, त्या दिवशी हे फार जड जातं.

आता हुरूप देणारी बाजू. 0.35 आणि 0.8 यांत मोठं कोण, असं विचारा. सहावीतच काय, आठवीतही निम्मे हात 0.35 च्या बाजूने वर होतात, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. नियम सांगून हे सुटत नाही. नियम चाचणीपर्यंत टिकतो, मग पुन्हा पस्तीस मोठे होतात. मी पैशांवर आणते: पस्तीस पैसे आणि ऐंशी पैसे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “तो मॅम, 0.8 के पीछे भी ज़ीरो लगा दो ना, बराबर के हो जाएंगे.” हे मी सांगितलेलं नव्हतं. असा क्षण रोज येत नाही, आठवड्यालाही येत नाही. पण आला की त्या दिवशी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा हलका वाटतो. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हेही तुम्हाला पोटभर भेटेल. वर आणि खाली सरळ बेरीज. खोडून पुढे जाऊ नका. त्याला विचारा, अर्ध्या पोळीत आणखी थोडी पोळी मिळवली तर अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली? मग त्याचा चेहरा बघा.

इंदूरमध्ये एक भर पडते ती कोचिंगची. आयआयटीच्या नावाचा फाउंडेशन कोर्स सहावीपासून मिळतो, त्यामुळे वर्गात चार-पाच जणांना पुढच्या वर्षीचं सूत्र पाठ असतं आणि त्याच बाकावर कुणाला सातचा पाढा येत नसतो. पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक सभेत, ऐकायला मिळतं, “मॅम, कोचिंग में तो सब कर लेता है.” वाद घालू नका, वही उघडून समोर ठेवा. काही पालक आपणहून म्हणतात, “दो लगा दिया करो, हमारी तरफ से छूट है.” ही सूट ते देऊ शकत नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारायलाही मनाई करतं आणि मानसिक छळालाही. वर्गासमोर गुणांवरून पाणउतारा करणं मी त्या दुसऱ्यातच धरते.

तुम्ही बाई असाल तर आणखी एक. सहावी-सातवीच्या मुली गणिताच्या मॅडमकडेही येतात, दप्तर मागे धरून, काही न बोलता. कपाटात पॅडचं पाकीट ठेवा आणि चौकशा न करता मुलीला बाहेर जाऊ द्या. बी.एड.ला हे कुणी शिकवत नाही.

वर्षाची चाल आधीच समजून घ्या. सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, जेमतेम नावं पाठ होतात तोवर उन्हाळ्याची सुटी, आणि जूनमध्ये शाळा उघडली की पुन्हा पहिल्यापासून घडी बसवायची. अनंत चतुर्दशीच्या झाक्या (चित्ररथांची मिरवणूक) रात्रभर चालतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन धडा सुरू करू नका, वर्ग अर्धा रिकामा असतो. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आसपासही तेच, आणि तेव्हा वार्षिक परीक्षा डोक्यावर असते. क्लास टीचर केलं तर फीची आठवण, ऑनलाइन नोंदी, बस ड्यूटी हे सगळं तुमच्याच गळ्यात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, करावं लागतं.

वर्ग-2 बद्दल घरचे चूक नाहीत, पगार आणि सुरक्षितता तिकडेच आहे. पण तिथे आधी पात्रता परीक्षा, मग निवड परीक्षा आणि मग नियुक्तीची वाट बघणं आलं. शिवाय ती माध्यमिक शिक्षकाची नोकरी म्हणजे पुन्हा हीच सहावी ते आठवी. त्यामुळे माझं मत असं की तयारी चालू ठेवून ही नोकरी घ्या. ही मुलं आपल्याला झेपतात की नाही ते सरकारी नियुक्तीनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

फक्त हो म्हणण्याआधी शाळेला विचारा: आठवड्याला पिरियड किती, हातात पगार किती येणार, पीएफ कापतात का, मे-जूनचा पगार मिळतो का, आणि सत्राच्या मध्ये सोडलं तर काय. मे-जूनचं उत्तर लेखी मागा. “हो जाएगा मॅम” यावर सही करू नका.