प्रश्न: माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात वायरमन होते म्हणतात. साताऱ्याचा माणूस तिथे कसा, आणि काम काय करायचा?

उत्तर: तुम्ही सोबत पणजोबांच्या पदकाचं वर्णनही दिलंय, ते बरं केलंत. सहा टोकं, फितीत मधे लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. हा बर्मा स्टार, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीचं पदक. म्हणजे पणजोबा नुसते मुंबईच्या गोदीत नव्हते, बंगालच्या उपसागरापर्यंत तरी गेलेच होते.

माझे आजोबा खटाव तालुक्यातले, तेही नौदलात वायरमन. आपल्याकडे भरती म्हटली की पलटण. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धातच कामी आले. नौदलात आधी खलाशी मुख्यतः रत्नागिरीकडचे आणि पंजाबातले. पण युद्धात रॉयल इंडियन नेव्ही दोनेक हजारांवरून तीस हजारांच्या घरात गेली, तेव्हा चार बुकं शिकलेली घाटावरची पोरंही चालू लागली. डिसेंबर १९४२ मध्ये जामनगरजवळ रोझी बेटावर वलसुरा ही टॉर्पेडोची, म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडायच्या स्फोटक अस्त्राची, शाळा उघडली. त्या काळी जहाजावरची वीज टॉर्पेडो शाखेकडेच असायची. तेव्हा जुन्या कागदावर 'टॉर्पेडो' दिसलं तर गोंधळू नका.

कामाचं म्हणाल तर लढाई थोडी, मेगर जास्त. मेगर म्हणजे हँडल फिरवून वायरीचं इन्सुलेशन तपासायची पेटी. समुद्राची दमट खारी हवा रोज कुठेतरी शिरायचीच. आजोबा मेन बंद करून केबलचं टोक जिभेला लावायचे. खारट लागलं की पाणी शिरलंय. (तुम्ही करू नका!) दुसरं काम डीगॉसिंगचं. लोखंडी जहाज स्वतःच एक लोहचुंबक असतं आणि त्यावरच चुंबकी सुरुंग फुटतो. म्हणून जहाजाभोवती आतून केबलचे वेढे घालून त्यात वीज सोडायची, उलटं चुंबकत्व तयार करायचं. जहाजाने तोंड वळवलं की करंटही बदलावा लागे.

जानेवारी १९४५ मध्ये अक्याब, म्येबोन, रामरी असे आराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, एकेक ठिकाण घेताना आपल्या नौदलाच्या स्लूप या छोट्या युद्धनौकांनी किनाऱ्यावर तोफा डागल्या. आजोबा तेव्हा खाली स्विचबोर्डपाशी. त्यांनी लढाई पाहिली नाही, ऐकली. तोफ उडाली की धक्क्याने फ्यूज सैल व्हायचे, ते अंधारात हाताने चाचपून दाबायचे.

एवढं करून घरी आले तर घरात कंदील. कोयनेची वीज १९६२ ला सुरू झाली, आमच्या वाडीत तर त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी खांब आले. वायरिंगला आलेल्या पोराचा प्रत्येक जोड आजोबांनी उकलून परत करायला लावला. पोरगं जाम वैतागलं होतं.

नोंद शोधायची तर आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. नौदलाच्या खलाशांचं दफ्तर मुंबईत मानखुर्दला, चिता कॅम्पात आहे. तिथेही अर्ज टाकून बघा. सर्व्हिस नंबर हवा. डिस्चार्जचा कागद नसेल तर पेटीतली जुनी पत्रं उलटीसुलटी करून पाहा, पत्त्यात नावाआधी नंबर लिहिलेला असू शकतो.