फॉन्ट कन्व्हर्टर दोन, सांभाळायचा कोणता?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी सुट्टीत मी पायथनमध्ये एक कमांड लाइन (आज्ञा टाइप करून चालवायचा) प्रोग्राम लिहिला. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत बदलून देतो. जीपीएल परवान्याखाली (बदल करून वाटलेला कोडही खुलाच ठेवण्याची अट असलेल्या) तो मी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला आणि त्याला आतापर्यंत ३४० स्टार, म्हणजे पसंतीच्या खुणा, मिळाले आहेत. पुढे फलटणला डीटीपीचे दुकान असलेल्या मामासाठी तेच काम ब्राउझरमध्ये करणारे एक पान जावास्क्रिप्टमध्ये केले. ते फारशा अटी नसलेल्या एमआयटी परवान्याखाली आहे. त्याला स्टार अवघे २१, पण टायपिंगची कामे करणाऱ्या लोकांच्या ईमेल येतात त्या याच पानाविषयी. पायथनच्या प्रोग्रामवर बहुतेक जण हिंदीची सोय मागतात; एका ग्रंथालयातील गृहस्थ मात्र त्याच्या साहाय्याने जुन्या नियतकालिकाच्या शेकडो फाइली एकदम बदलून घेतात. एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात करायची राहून जाते आणि आता दोन्ही झेपत नाहीत. सातव्या सत्रात प्लेसमेंट सुरू होईल. बायोडेटासाठी पायथनचा ठेव, असे मित्र म्हणतात. बाबा म्हणतात, दोन्ही बंद कर आणि अभ्यासाला लाग. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य स्टारविषयीचे नाही, ‘दुरुस्ती राहून जाते’ हे आहे. त्यासोबत तुम्ही जो नमुना पाठवला आहे, तो मी मुद्दाम दोन्हीकडे चालवून पाहिला. ‘दुसऱ्या’ हा शब्द तुमचे ब्राउझरचे पान खाली नुक्ता असलेला ‘ऱ’, त्यानंतर हलन्त आणि ‘य’ असा लिहिते. पायथनचा प्रोग्राम मात्र साधा ‘र’, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘य’ अशी जुनी मांडणी करतो. पडद्यावर दोन्ही शब्द डोळ्यांना एकसारखे दिसतात. परंतु एकाच मासिकाचे निम्मे अंक एका मार्गाने आणि निम्मे दुसऱ्या मार्गाने बदलले गेले, तर शोधाच्या चौकटीत ‘दुसऱ्या’ टाइप करणाऱ्या अभ्यासकाला साध्या शोधात निम्मेच अंक सापडतील आणि उरलेले निम्मे आहेत, याची त्याला शंकाही येणार नाही. एकच काम करणारी दोन अवजारे एकाच माणसाने सांभाळली की नुकसान होते ते असे. तुमचा वेळ वाया जातो ही गोष्ट त्या मानाने दुय्यम आहे. त्यामुळे दोन्ही चालू ठेवण्याचा पर्याय मी विचारातच घेत नाही.

हे काम नेमके काय आहे, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी टाइप करतात आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराच्या क्रमाने ‘क’ आधी साठवला जातो. ‘कर्म’ लिहिताना तेथे क, म आणि शेवटी रफार येतो, तर युनिकोडमध्ये तो अर्धा ‘र’ ‘म’च्या आधी न्यावा लागतो. म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवून भागत नाही. चिन्हांची एक तक्ता-फाइल लागते आणि अक्षरे जागची हलवणारे नियम लागतात. तुमच्या कामाचा जीव या तक्त्यात आणि नियमांत आहे. पायथनचा प्रोग्राम आणि ब्राउझरचे पान ही त्या एकाच घराची दोन दारे आहेत, आणि गेले वर्षभर तुम्ही प्रत्येक दारामागे वेगळे घर बांधत आलात.

या दृष्टीने पाहिले की कोणते ठेवावे याला एक सोपी कसोटी मिळते. ज्याच्या पोटात दुसरे मावते, ते ठेवावे. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले नियम ब्राउझरमध्ये चालतात आणि नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) मदतीने कमांड लाइनवरही चालतात, त्यासाठी वर फार तर शंभर-सव्वाशे ओळींचे वेष्टन लिहावे लागेल. उलट दिशेने जाणे शक्य आहे, पण पायथन ब्राउझरमध्ये चालवण्यासाठी त्याचा सारा संसार पानासोबत उतरवून घ्यावा लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपी दुकानातील जुन्या संगणकावर व मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते कितपत सुखाचे होईल, हे तुमचे मामा माझ्यापेक्षा चांगले सांगतील. शिवाय ज्याला पायथन येते त्याला तुमचा प्रोग्राम बंद झाला तरी तक्ता वाचून स्वतःचा मार्ग काढता येतो. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन समोर बसलेल्या ऑपरेटरला तो काढता येत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ब्राउझरचे पान ठेवा, त्यातील नियम वेगळ्या फाइलीत काढा, तक्ता जेसन या कोणत्याही भाषेतून वाचता येणाऱ्या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवा, आणि पायथनचा प्रोग्राम रीतसर निवृत्त करा.

मग ३४० स्टारचे काय? लोकप्रिय अवजार निवृत्त करणे हा वेडेपणा वाटू शकतो, म्हणून एक उदाहरण देतो. जावास्क्रिप्टमध्ये तारीख-वेळ हाताळणारी मोमेंट ही लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) २०११ पासून आहे. त्याच प्रकल्पाच्या छत्राखाली पुढे लक्सन नावाची दुसरी लायब्ररी आली, जी बरेचसे तेच काम करते. सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंटच्या चमूने जाहीर केले की मोमेंटमध्ये यापुढे नवी भर पडणार नाही आणि नव्या प्रकल्पांनी लक्सन किंवा अन्य पर्याय वापरावेत. त्या वेळी मोमेंट आठवड्याला १ कोटी २० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड होत होती. कारणे घडणीतलीच होती : एखाद्या तारखेत दिवस मिळवले की मूळ तारीखच बदलून जाई, आणि त्यातील थोडेसे हवे असले तरी सगळी लायब्ररी पानासोबत न्यावी लागे. हे दोष काढायचे तर तिच्यावर उभे असलेले असंख्य प्रकल्प मोडले असते, म्हणून त्यांनी ते काढले नाहीत आणि कारणे स्वतःच्याच दस्तऐवजात प्रांजळपणे लिहून ठेवली. ‘निवृत्त’ म्हणजे वाऱ्यावर सोडलेले असेही नव्हते. जुलै २०२२ मध्ये सुरक्षेचा एक दोष आढळला, तेव्हा त्यांनी मोमेंटची दुरुस्त आवृत्ती काढलीच. तुमचे प्रकरण आकाराने लहान असले तरी जातीने हेच आहे.

आता बायोडेटाविषयी. मुलाखत घेणाऱ्यांशी माझा गेली अनेक वर्षे संबंध येतो, आणि स्टारचा आकडा पाहून थबकणारा परीक्षक मला क्वचितच भेटला आहे. रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाची गिटहबवरील जागा, उघडलीच, तर ते शेवटचा बदल कधीचा आहे ते पाहतात, दोन-चार इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी व मागण्या) उघडून उमेदवाराने लोकांना काय उत्तरे दिली ते वाचतात आणि मग एखादा प्रश्न विचारतात. ३४० स्टार असलेला, पण आठ महिने एकाही तक्रारीला उत्तर न मिळालेला प्रोग्राम तुमच्याविषयी जे सांगेल, ते तुम्हाला सांगायचे नसेल. त्याऐवजी ‘हा प्रकल्प तुम्ही का थांबवला?’ असा प्रश्न आला आणि तुम्ही ‘दुसऱ्या’ या एका शब्दाची गोष्ट सांगितली, तर पुढची दहा मिनिटे तुमचीच आहेत. दोन मांडण्या, शोधात होणारा घोटाळा, तक्ता वेगळा काढण्याचा निर्णय आणि त्याची चुकवलेली किंमत, हे सारे त्यात येते. हे बोलणे पाठ करून येत नाही. मित्रांचा सल्ला भाषेच्या नावावर बेतलेला आहे. पायथन येते हे दाखवायला तुमचा निवृत्त प्रोग्रामही उपलब्ध राहणारच आहे.

निवृत्त करताना मात्र घाई नको. पॅकेज, म्हणजे इतरांना उतरवून घेता येणारा तयार प्रोग्राम, काढून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून लेफ्टपॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले आणि त्यावर कळत-नकळत अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांचे काम अडले. तुमच्यावर हजारो प्रकल्प नसतील. पण पायथनच्या पॅकेज-भांडारातून नाव मोकळे झाले की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि जुन्या सवयीने तेच नाव टाइप करणाऱ्याच्या संगणकावर मग काय उतरेल, याची हमी कोण देणार? त्यामुळे शेवटची आवृत्ती जागेवर राहू द्या, गिटहबवरील रिपॉझिटरी योग्य वेळी अर्काइव्ह करा, म्हणजे ती वाचता येईल पण बदलता येणार नाही, आणि रीडमीच्या (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलीच्या) अगदी वरच्या बाजूला मराठीत व इंग्रजीत सूचना लिहा. मराठी मजकूर साधारण असा असावा : ‘या प्रोग्राममध्ये यापुढे नवी सोय होणार नाही. अमुक तारखेपर्यंत केवळ चुकीच्या रूपांतराच्या दुरुस्त्या होतील. तेच काम करणारे ब्राउझरचे पान व कमांड येथे आहे. या प्रोग्रामने बदललेल्या फाइलींमध्ये “ऱ्या” आणि “ऱ्ह” यांची मांडणी जुनी आहे. ती सुधारणारी कमांड सोबत दिली आहे.’ यातील शेवटची दोन वाक्ये गाळण्याचा मोह होईल, कारण त्यांत स्वतःच्या चुकीची कबुली आहे. ती गाळू नयेत.

‘कोणाला तरी सोपवून टाकू का’ असे तुम्ही विचारलेले नाही, पण निवृत्तीची सूचना लागली की विचारणा येईल, म्हणून आधीच सांगतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या, पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या मूळ लेखकाने त्यात रस उरला नाही म्हणून ते मागणी करणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती दिले. त्या माणसाने काही दिवसांतच एक नवे अवलंबन (सोबत आपोआप उतरणारे दुसरे पॅकेज) जोडले आणि त्यामार्फत एका बिटकॉइन वॉलेटमधील पैसे चोरण्याचा प्रयत्न झाला. तुमच्याकडे हिंदीची सोय मागणाऱ्यांपैकी कोणी चांगल्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) पाठवत असेल, तर त्याला वेगळ्या नावाने फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) काढायला सांगा आणि तुमच्या रीडमीत त्याचा दुवा द्या. पॅकेजच्या नावाची किल्ली मात्र तुमच्याकडेच राहू द्या.

परवान्याची बाब कंटाळवाणी आहे, पण ती टाळता येणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलेले नियम जीपीएलमधून एमआयटीखाली नेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. परंतु पायथनच्या प्रोग्रामच्या तक्त्यात इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्याही असतील, तर त्या हलवण्यापूर्वी त्या व्यक्तींची लेखी संमती घ्यावी. इश्यूमध्ये ‘माझी हरकत नाही’ एवढे उत्तरही पुरेसे स्पष्ट असते. कोणी उत्तर दिले नाही, तर एकत्र केलेले नवे काम सरळ जीपीएलखाली ठेवा. तुमच्या मामाला आणि इतर ऑपरेटरना त्याने काही फरक पडणार नाही.

तुमच्या बाबांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, फक्त ते थोडे पुढे गेले आहे. तुमच्या पत्रावरून आठवड्याचे सहा-सात तास या दोन प्रकल्पांत जात असावेत असे दिसते, आणि सातव्या सत्राच्या तोंडावर ते परवडणार नाहीत. ब्राउझरच्या पानाला सर्व्हर नाही, ते केवळ काही फाइलींचे बनलेले आहे, त्यामुळे एकदा नियम आणि चाचण्या नीट लावल्या की महिन्यातून एका रविवारची सकाळ त्याला पुरेल, आणि परीक्षेच्या महिन्यात तीही न दिल्याने काही कोसळणार नाही. हा हिशेब कागदावर मांडून बाबांना दाखवा; ‘आवड आहे म्हणून करते’ यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. वाचलेल्या वेळात, जमल्यास, लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरसारख्या मोठ्या प्रकल्पात देवनागरीशी निगडित एखादा लहानसा दोष हाती घ्यावा असे मी सुचवेन. स्वतःच्या रिपॉझिटरीत आपणच मालक असतो आणि आपले कोणी फारसे तपासत नाही. तेथे तुमचा बदल दुसरा कोणी ओळ न् ओळ वाचेल, परत पाठवेल, पुन्हा मागवेल. नोकरीच्या पहिल्या वर्षात नेमके हेच घडते. गूगल समर ऑफ कोडमध्ये (नवोदितांना मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात काम देणाऱ्या उपक्रमात) अर्ज करायचा विचार पुढे आला, तर अशी ओळख आधीपासून असलेली बरी. २०२२ पासून तो उपक्रम मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे अंतिम वर्षातच तो उरकला पाहिजे असेही नाही.

माझे मत बदलू शकेल अशी एकच गोष्ट मला पत्रात दिसते, आणि ती म्हणजे ग्रंथालयातील ते गृहस्थ. शेकडो फाइली एकदम बदलण्याची सोय नव्या कमांडमध्ये तितक्याच भरवशाने होईपर्यंत पायथनचा प्रोग्राम थांबवू नये. त्यांच्याकडून दहा-बारा फाइली मागवून घ्या, जुन्या आणि नव्या मार्गाने बदलून ओळीला ओळ लावून पाहा, आणि फरक निघतील त्यांचीच चाचणी करून टाका. त्यांनी आजवर बदललेल्या अंकांत ‘ऱ्या’ची जुनी मांडणी आहे हेही त्यांना आपणहून सांगावे लागेल. ते ईमेलने कळवू नका, फोन करा. किती अंक व्हायचे राहिले आहेत ते विचारून घ्या आणि रीडमीतील त्या ‘अमुक तारखे’च्या जागी त्यानंतरचीच तारीख घाला.