अमेरिकेत निवृत्ती आणि अपंगत्व योजनांवर सरकारने आधी कशाचं संशोधन करावं, असं लोकांना विचारलं तर तुम्ही काय सांगाल?

पैसा कधी संपणार, यावर आता पुरे. 2033 च्या आसपास निवृत्ती निधीची गंगाजळी आटेल आणि पेन्शनला कात्री लागेल, हे त्यांचेच विश्वस्त वर्षानुवर्षं सांगतायत. त्यावर निर्णय हवाय, अहवाल नको.

माझं मत अपंगत्वाच्या बाजूला. तुमचा अर्ज फेटाळताना 'तुम्ही अमुक काम करू शकाल' असं सांगतात, आणि ती कामं एका जुन्या व्यवसाय-कोशातून काढतात. तो 1991 नंतर अद्ययावतच झालेला नाही! नट सॉर्टर, म्हणजे दाणे निवडणारा, हे काम कितीतरी नकारपत्रांत असायचं. 2024 मध्ये अशी बरीच कामं वगळली, पण मूळ कोश तोच. आज कोणती कामं खरोखर मिळतात, किती वेळ बसावं-उभं राहावं लागतं, हे आधी तपासा. नकार मिळालेल्यांचं पुढे काय होतं, तेही.

दुसरं, एसएसआय. गरीब वृद्ध-अपंगांसाठीची ही योजना, पण एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरपेक्षा जास्त मोजणीयोग्य मालमत्ता असली की मदत बंद. ही मर्यादा 1989 पासून जागची हललेली नाही. लोक मुद्दाम बचत टाळतात का, ते बघायला हवं.

आणि जाता जाता आपल्या मंडळींचं: एच-1बी व्हिसावर गेलेल्यांच्या पगारातून या निवृत्ती योजनेसाठी 6.2 टक्के कापले जातात, निवृत्तिवेतनाला मात्र 40 क्रेडिट, म्हणजे साधारण 10 वर्षं लागतात. भारताशी यासंबंधी करार नाही. आधीच परतलेल्यांचे किती पैसे तिथे अडकलेत, याचाही हिशेब कुणीतरी मांडावा.