साउथॅम्प्टनला बोटीवर राहायचं असेल तर आधी जागा बघा

तुमचा बेत मला समजला तो असा: बडोद्यातला मांजलपूरचा फ्लॅट विकायचा, सप्टेंबरात दोघांनी साउथॅम्प्टनला जायचं, आणि दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा ६० हजार पौंडांत ४०-४२ फुटी जुनी शिडाची बोट घेऊन तिच्यावरच राहायचं. बेत जमण्यासारखा आहे. पण तुम्ही पाच बोटींच्या जाहिराती पाठवल्यात आणि ती बोट उभी कुठे करणार याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. सगळं गाडं तिथेच अडतं.

ब्रिटनमध्ये मरिनात, म्हणजे बोटी भाड्याने उभ्या करायच्या धक्क्यावर, बोट ठेवायची परवानगी वेगळी आणि तिच्यावर राहायची परवानगी वेगळी. राहता येईल अशा जागा थोड्या आणि त्यांच्यासाठी थांबलेली माणसं पुष्कळ. ‘आम्ही बाराही महिने राहणार’ असं स्पष्ट सांगून मरिनाकडून लेखी उत्तर घ्या. ‘राहतात हो लोक, कोण विचारतंय’ हे दलालाचं वाक्य धरून बसू नका. करारात नसेल तर जागा सोडावी लागते, आणि मग बँकेला, नोकरीच्या ठिकाणी, सगळीकडे पत्ता कुठला देणार? बोट हेच मुख्य घर असेल तर काउन्सिल टॅक्सही, म्हणजे तिथली घरपट्टी, लागू शकतो. विमा कंपनीलाही राहणार असल्याचं कळवा. ते लपवलं तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

स्वस्त जागा दिसतील, त्या का स्वस्त आहेत ते बघा. गुजरातेत कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला बुडतं आणि ओहोटीला परत उघडं पडतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. साउथॅम्प्टनलाही मोठ्या भरतीला पाणी चारेक मीटर वर-खाली होतं, त्यामुळे खाडीतल्या बऱ्याच जागा ओहोटीला कोरड्या पडतात. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा. दोन कीलची बोट चिखलात उभी राहते, एका खोल कीलची आडवी होते. भर पाण्यातल्या बोयाला बांधायचं म्हटलं तर कामावर जायला रोज छोटी होडी वल्हवा, जानेवारीतही.

आता लांबी. मरिनाचं भाडं आणि बोट वर उचलण्याचा खर्च लांबीवर आकारतात. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. शिवाय बोट लांब झाली की रुंदी आणि वजनही वाढतं, म्हणून शिडं, दोर, नांगर, इंजिन सगळंच एक माप वर जातं. दोघांना ३६-३७ फूट पुरतात. वेस्टर्ली कॉर्सेअर किंवा मूडी ३७६ अशा मध्ये कॉकपिट (सुकाणू धरून बसायची जागा) असलेल्या जुन्या ब्रिटिश बोटींत मागे वेगळी खोली मिळते. बोटीवर ४० हजारच घाला, २० हजार हातात ठेवा. तीस-चाळीस वर्षांच्या बोटीत पहिल्या वर्षी ते लागतातच. युरोपातली स्वस्त बोट बघून हुरळू नका, ब्रिटनमध्ये आणताना २० टक्के व्हॅट पडतो.

पैशाचं गणित बडोदा सोडण्याआधी करा. भारतात निवासी असताना एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) दर माणशी आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो आणि तो रिटर्न भरताना वळता होतो. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमाने अनिवासी झालात की एलआरएस बंद, मग एनआरओ खात्यातून (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) पाठवावे लागतात आणि सीएचं प्रमाणपत्र लागतं. फ्लॅट विकताना तुम्ही निवासी आहात की अनिवासी, यावर खरेदीदाराने कापायचा टीडीएसही बदलतो. सीएला आत्ताच भेटा.

खरेदीचा क्रम असा: किंमत ठरली की सर्व्हेच्या (तज्ज्ञाकडून बोटीच्या तपासणीच्या) अटीवर लेखी करार आणि १० टक्के बयाणा, दलालाच्या ग्राहक खात्यात. मग बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे, पाण्यात फेरी, आणि निघालेल्या दोषांवर किंमत कमी किंवा करार रद्द. सर्व्हेयर तुम्ही नेमा, दलालाने सुचवलेला नको. फी फुटामागे साधारण २०-२५ पौंड, उचलण्याचे पैसे वेगळे. कागदांत मूळ विक्रीपत्रांची साखळी आणि व्हॅट भरल्याचा पुरावा मागा. विक्रेता ब्रिटनच्या जहाज नोंदवहीतली पार्ट ३ नोंदणी दाखवेल, पण तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. पार्ट १ च्या उताऱ्यावर मालक आणि बोटीवरचं गहाण दोन्ही दिसतं.

सर्व्हेयर बोलावण्याआधी स्वतः जाऊन दोन-तीन तास घाला. पहिल्यांदा सीकॉक बघा, म्हणजे पाण्याखालच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह. अशा बोटीत ते आठ-दहा तरी असतात. बऱ्याच बोटींत ते साध्या पितळेचे बसवलेत, कारण आयएसओ ९०९३ या मानकाला ५ वर्षं टिकणारा धातूही चालतो. खारं पाणी पितळेतलं जस्त खातं, उरतं ते सच्छिद्र तांबं. चाकूच्या टोकाने हलकं खरवडा: पिवळं चकचकीत निघालं तर ठीक, गुलाबी निघालं तर तो व्हॉल्व्ह हाताने मोडेल. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवरचं ३८ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या वर पाणी आत येतं. बदलायचे तर ब्राँझचे किंवा डीझेडआरचे (जस्त सहज न सोडणारं पितळ), आणि प्रत्येकाशेजारी मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची.

मग डोलकाठीच्या तारा. तार टोकाच्या नळीत शिरते तिथे, विशेषतः खालच्या टोकाला, पाणी उतरून साचतं आणि स्टील आतून कुजतं. तपकिरी ओघळ, नळीवर केसाएवढी चीर किंवा तुटून वर आलेला एक धागा दिसला, की सगळ्या तारा बदलायच्या. दहा-पंधरा वर्षांच्या तारा असल्या तर विमावालाही तेच सांगतो.

डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत चला. टणक आवाज हवा. थपथप वाजलं तर डेकच्या आतलं बाल्साचं हलकं लाकूड भिजलंय. स्क्रूने ठोकलेला जुना सागवानी डेक दिसायला सुरेख, पण प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी शिरायची एक वाट. ऑस्मोसिसच्या, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून बोटीच्या तळाला येणाऱ्या, फोडांना मात्र घाबरू नका, त्याने बोट बुडत नाही, फक्त किंमत पाडून घ्या.

इंजिनाला पोहोचल्याबरोबर हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी परत या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फेरीत पूर्ण आरपीएम गाठत नसेल तर प्रोपेलरवर शिंपले असतील किंवा एक्झॉस्टचं कोपर काजळीने बुजलं असेल. व्होल्वोचा सेलड्राइव्ह (इंजिनापासून तळातून थेट खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय) असेल तर त्याचं रबरी डायफ्राम ७ वर्षांनी बदलायचं असतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा इंजिन हलवावं लागतं. पावती मागा.

राहायला लागल्यावर मुख्य त्रास ओलीचा. एक किलो गॅस जळला की दीड किलोवर पाणी वाफ होऊन आत राहतं, त्यात भाताची वाफ आणि फोडणी. महिन्याभरात गादीखाली बुरशी. धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर हवाच, आणि गादीखाली फळ्यांची जाळी. कुकर नेणार असाल तर चुलीवर भांडी घट्ट धरणाऱ्या पकडींमधलं अंतर मोजून घ्या. गॅस प्रोपेनचा, लाल सिलिंडरचा घ्या, ब्यूटेनची शून्य अंशाजवळ वाफच होत नाही. दोन्ही हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा तळातून थेट बाहेर निचरा होणारा आहे ना, ते त्यात तांब्याभर पाणी ओतून बघा.

आणि बोट बघायला जायचा दिवस निवडता आला तर दोन दिवस पाऊस पडल्यानंतरचा निवडा. गाद्या उचला, खिडकीखालच्या लाकडावरून आणि कपाटांच्या मागच्या भिंतीवरून तळहात फिरवा.