कारवानी कुत्री देखणी आहे पण बुजरी आहे, तिचं एक वेत घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की कुत्री दोन वर्षांची आहे, सडसडीत, पळायला वाऱ्यासारखी. पण पाहुणा आला की पलंगाखाली शिरून थरथरते, कुणी हात पुढे केला तर दात दाखवते. पिल्लू होती तेव्हापासून अशीच. आणि गावातले चार जण पिल्लांसाठी मागे लागलेत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: तिचं वेत घेऊ नका.

आमच्या घरी, लातूरकडे, वडिलांच्या काळापासून कारवानी आहेत. ही जात परक्याशी सलगी करत नाही. लॅब्राडोरसारखी शेपटी हलवत अंगावर येणार नाही, तोंड फिरवून लांब जाऊन बसेल. तो तिचा स्वभाव आहे, त्याला मी दोष मानत नाही. पण अलिप्त असणं वेगळं आणि भिणं वेगळं. अलिप्त कुत्रीचं अंग सैल असतं, पाहुण्यासमोर टाकलेला भाकरीचा तुकडाही ती खाते. भ्यालेली कुत्री तुकड्याकडे बघतसुद्धा नाही, शेपूट पोटाशी घेते. स्टीलचं ताट खाली पडलं तर कुठलंही कुत्रं दचकतं. मी बघतो ते सावरायला किती वेळ घेतं. धीट कुत्रं जरा वेळानं स्वतःच ताट हुंगायला येतं. तुमची तासभर बाहेर येत नाही.

एकदा डॉक्टरांकडून कान, सांधे तपासून घ्या. दुखण्यामुळेही कुत्रं गुरगुरतं.

हे इतकं ठामपणे सांगतोय, कारण हीच चूक मी केली आहे. आमची हरणी अशीच होती. छाती खोल, कंबर बारीक, बघणारा थांबून बघायचा. नर धीट होता, म्हणून वाटलं पिल्लं निभावतील. सहा झाली. त्यातली चार वर्षभरात आईसारखी निघाली. एकानं कोपऱ्यात अडकल्यावर, ज्या घरी दिलं होतं तिथल्या लहान मुलीचा हात चावून फोडला. त्या घरी मी गेलो होतो. मुलीची पट्टी आणि दारामागे बांधलेलं पिल्लू, दोन्ही अजून डोळ्यासमोर आहेत. दोघांचाही काही दोष नव्हता.

लोक तुम्हाला सांगतील, पिल्लांना प्रेमानं वाढवा, सुधारतील. थोडा फरक पडतोही. पण अमेरिकेत आर्कान्सामध्ये शास्त्रज्ञांनी पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची अनेक पिढ्या दोन घराणी राखली होती, एक शांत, एक भित्रं. भित्र्या घराण्यातली कुत्री माणूस जवळ आला की जागच्या जागी थिजायची. म्हणजे भीती रक्तातून उतरते. शिवाय ती आईच्या कुशीतही शिकली जाते. पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात घडतं, आणि कुत्र्यांच्या पैदास-विक्रीसाठीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, ते योग्यच आहे. तेव्हा ते नाजूक आठवडे पिल्लं काढणार कुणाजवळ? माणूस दिसला की थरथरणाऱ्या आईजवळ. त्याच नियमांत कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय वेत घेऊ नये असं आहे. वयात तुमची बसते, पण प्रश्न वयाचा नाहीच.

धीट नर लावला म्हणून भीती अर्धी होत नाही. काही पिल्लं बापावर जातील, काही आईवर, आणि देताना कोणतं कसं निघेल हे खात्रीनं कुणी सांगू शकत नाही.

जातिवंत कारवानी कमी होत चाललीत ही तुमची काळजी खरी आहे, मलाही ती आहे. म्हणूनच जराशा बुजरेपणावरून चांगली कुत्री बाद करू नये असं मी मानतो. पण रक्त जपायचंच असेल तर तिच्याच वेतातली एखादी धीट बहीण शोधा. तिच्या आईला तिच्या अंगणात जाऊन भेटा, मालक जवळ नसताना कशी वागते ते बघा. नराचंही तसंच बघा. धावण्याच्या शर्यतीत पहिला आला एवढं पुरेसं नाही.

तुमच्या कुत्रीची नसबंदी माजानंतर दोन-तीन महिन्यांनी करून घ्या. आणि पाहुणे आले की तिला पलंगाखालून ओढून काढू नका. पाहुण्यांनाच सांगा, तिच्याकडे बघू नका, हाक मारू नका. वाटलं तर ती स्वतःहून येईल.